बहिणीनं विचारू नये असा प्रश्न

लोसालीन एकच धडा दोनदा शिकवायची. पोरं मठ्ठ होती म्हणून नाही हो! आमचं बेट केवढंसं, त्यात जो तो एकमेकांचा चुलत, मावस नाहीतर आते भाऊ. आणि आमच्या टोंगात बहीण-भाऊ एका खोलीत बसून शरीराबद्दल ऐकत नाहीत. सख्खी असो, लांबची असो, बहीण ती बहीण. तिच्या देखत कमरेखालचा शब्द निघाला की भावानं मान खाली घालून उठायचं आणि ज्याच्या तोंडून निघाला त्यानं लाजेनं मरायचं. मग मूत्रपिंडाचा धडा शिकवायचा तरी कसा? म्हणून आधी मुली आत, मुलगे बाहेर नारळ सोलत. नंतर मुलगे आत, मुली बाहेर अंगण झाडत. तोच फळा, तेच चित्र, तीच बडबड. वर्षानुवर्षं बाईनं हे केलं आणि कधी कुरकुर केली नाही.

मी कालोलाइने, तिची शेजारीण. चटया विणते आणि लोकांच्या भानगडीत तोंड घालते, असं माझी सून म्हणते. घालते तर घालते! लोसालीनच्या घरात तोंड घालायला मी नसते तर ती कधीच उपाशी मेली असती. शास्त्राचं वेड लागलेली बाई. कुणाकडं लग्न असो वा मयत, डुक्कर कापलं की ही हजर. "काकू, तेवढी फुप्फुसं द्या ना, शाळेत न्यायची आहेत." पपईच्या पानाचा पोकळ देठ त्या फुप्फुसात घालायची, दोऱ्यानं आवळायची आणि गाल फुगवून फुंकायची. लालगुलाबी फुप्फुस टम्म फुगायचं, पोरं किंचाळायची. एकदा आमचे पाद्रीसाहेब तिथून चालले होते. म्हणाले, "बाई, ते शिजवतात, वाजवत नाहीत." त्यावर ही म्हणते, "तुम्ही रविवारी भजन म्हणता ना, ते याच्याच जोरावर." पाद्री हसत पुढं गेले.

पत्र्याच्या डब्याला वर, मध्ये आणि खाली खिळ्यानं भोकं पाडायची, डबा पाण्यानं भरायची. खालच्या भोकातली धार सगळ्यांत लांब जायची. "का रे?" असं विचारायची. "वरच्या पाण्याचं ओझं खालच्यावर पडतं, बाई!" असं पोरं कोरसात ओरडायची. मलासुद्धा ते पाठ झालं. शाळेच्या कुंपणाला टेकून चटई विणायची सवय, दुसरं काय.

तिला एकच भाऊ, हाविली. तिच्याहून धाकटा. बाप गेला तेव्हा हाविलीनं शाळा सोडली आणि वल्हं हातात घेतलं, कारण दोघांतलं एकच जण राजधानीला शिकायला जाऊ शकत होतं आणि आमच्यात मान बहिणीचा. त्यानं कधी तोंडातून ब्र काढला नाही. पुढं लग्न झालं, पोरं झाली, तरी चांगला मासा मिळाला की आधी बहिणीच्या दारात. आत यायचा नाही. रस्त्यावरून हाक मारायचा, तीसुद्धा मला. "कालोलाइने काकू, ताईला सांग, पोपट मासा आणलाय." ताई दारातच उभी असायची! मी मध्ये उभी. मग ती म्हणायची, "त्याला सांग, एवढा मोठा कशाला, पोरांना ठेव." मी म्हणायचे, "मेल्यांनो, तुम्हाला कान नाहीत का? मी काय टेलिफोन आहे?" दोघंही खाली बघून हसायची. तेवढंच त्यांचं एकत्र हसणं. पण जीव असा की विचारू नका. वादळाच्या दिवशी त्याची होडी दिसेपर्यंत ती किनाऱ्यावरून हलायची नाही, आणि होडी दिसली की त्याला कळायच्या आत घरी परतायची.

मग समुद्रकाकडीचा धंदा आला. नावाला काकडी, पण समुद्राच्या तळाशी लोळणारा मऊ, जाडा जीव तो. बाहेरचे व्यापारी ती वाळवून नेतात, त्यांच्याकडं म्हणे मेजवानीत खातात. ज्याला आम्ही पायानं ढकलायचो त्याला असा भाव! उथळ पाण्यातलं सगळं वेचून झालं, तशी पोरं खोल जायला लागली. होडीत हवा भरायचा कॉम्प्रेसर, त्याची लांब नळी, नळीचं टोक तोंडात, की बसा तळाशी हवा तितका वेळ. सरकारची मनाई होती. सरकार राहतं राजधानीत. हाविली तर जन्माचा पाणबुड्या, सगळ्यांत खोल तोच जायचा.

शेजारच्या बेटावरचा एक तरणा गडी वर आला आणि तासाभरात मेला, अशी बातमी आली तेव्हा लोसालीनचं अन्नपाणी सुटलं. मला म्हणाली, "सगळ्या पाणबुड्यांना चर्चच्या सभागृहात बोलाव." मी म्हटलं, "येतील होय ते?" म्हणाली, "सोडा फुकट आहे म्हणून सांग." आले की!

सोड्याच्या दोन बाटल्या तिनं टेबलावर ठेवल्या. "ही बंद आहे तोवर आत काय दिसतं? काही नाही. तळाशी असता तेव्हा तुमचं रक्त असं असतं. वरच्या पाण्याचं ओझं हवेला रक्तात दाबून ठेवतं." असं म्हणून तिनं एक बाटली हलवून फटकन उघडली. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या मोआलाच्या सदऱ्यावर फवारा! हा मोआला आमचा गावप्रमुख. सगळे हसून लोळले. "म्हणजे आम्ही सोडा का, बाई?" कुणीतरी ओरडलं. "सोड्याला तरी झाकण असतं, तुझ्या तोंडाला तेही नाही," लोसालीन म्हणाली. मग दुसरी बाटली तिनं हळूहळू, थोडं फिरवून, थांबून, पुन्हा फिरवून उघडली. नुसतं फुस्स झालं. "असं या वर. थांबत थांबत. घाईनं आलात तर बुडबुडे रक्तातच उठतात आणि जिथं अडकतात तिथलं काम बंद पडतं."

आता हसणं थांबलं होतं. ती खुणा सांगायला लागली. सांधे दुखतील, छाती भरून येईल, चक्कर येईल, अंगाला मुंग्या येतील. "आणि..." असं म्हणून तिचा हात फळ्यावर पाठीच्या कण्याच्या चित्राखाली गेला. तेवढ्यात मोआला खाकरला. "बाई, भाऊ आहे हो खिडकीत."

होताच. बहीण आत म्हणून हाविली बाहेर नीरफणसाच्या झाडाखाली बसून ऐकत होता, त्याचा खांदा खिडकीतून दिसत होता. लोसालीनचा चेहरा लाल झाला. तिनं खडू खाली ठेवला. "आणि दुसरं काही विचित्र वाटलं तर मला कळवा," एवढंच म्हणाली.

ते दुसरं काय, ते तिनं आम्हा बायकांना चटया विणायच्या घरात सांगितलं. स्पष्ट सांगितलं. "पाण्यातून आल्यावर नवऱ्याला लघवी होत नसेल तर थांबू नका. सांधे दुखत नसले, चालता येत असलं, तरी थांबू नका. कण्यातूनच खालच्या अंगाला हुकूम जातात. तिथं बुडबुडा अडकला की पहिल्यांदा बऱ्याचदा हेच बंद पडतं, पाय मागाहून जातात. माझ्याकडं पळत या." बायका फिदीफिदी हसल्या, पण ध्यानात ठेवलं. हाविलीची बायको तोआकासे मात्र तेव्हा राजधानीला होती, आजारी आईपाशी. "तिला मी सांगेन," लोसालीन म्हणाली.

तोआकासे परतली. तिला खोल न जाण्याबद्दल सांगितलं, हळू वर येण्याबद्दल सांगितलं, सोड्याची बाटलीसुद्धा उघडून दाखवली. ते एक सांगितलं नाही. मला म्हणाली, "कालोलाइने, तोंडापर्यंत येतं गं. बाकीच्यांना सांगताना तो धडा होता. हिला सांगायला गेलं की डोळ्यांपुढं हाविली येतो." मी म्हटलं, "मी सांगते." तर म्हणाली, "नको, माझी भावजय आहे, मीच सांगेन. येत्या रविवारी." भीड ही भिकेची बहीण, दुसरं काय!

तो रविवार यायच्या आधीच हाविली एका दुपारी समुद्रावरून आला आणि आडवा झाला. पोट जड वाटतं म्हणाला. सांधे ठीक, छाती ठीक. त्याच्याबरोबरच्या गड्यांना त्यानं खरं ते सांगितलं, की लघवी होत नाही. आणि बजावलं, "ताईच्या कानावर जाता कामा नये." गड्यांनी डोकं चालवलं. लघवी तुंबली की आम्ही सगळे जे करतो तेच केलं. शहाळी पाजली. एक झालं, दुसरं झालं, झाडाखाली करवंट्यांचा ढीग पडला. ओटीपोटाला तेल चोळलं. फुगलेल्या पिशवीत आणखी पाणी! त्यांचं तरी काय चुकलं? त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तोआकासे लोसालीनच्या पायरीवर येऊन बसली. त्या वेळी काय झालं ते मला दोघींनी वेगवेगळं सांगितलंय आणि दोघींचं सांगणं तंतोतंत जुळतं.

"वन्सं, यांना बरं नाही. पाण्यातून आल्यापासून पडून आहेत."

लोसालीन ताडकन उठली. "सांधे दुखतात?"

"नाही."

"छाती? श्वास?"

"नाही, वन्सं."

"चक्कर? पाय हलतात?"

"हलतात. थोडे जड आहेत म्हणतात. पोट... पोटाचं काहीतरी आहे."

"पोटाचं काय?"

तोआकासेनं खाली बघितलं. नवऱ्याच्या बहिणीपुढं तो शब्द काढायचा? जीभ झडली असती तिची. ती म्हणाली, "बिघडलंय."

आणि लोसालीननं तो प्रश्न विचारला नाही. दारात भावाची बायको, मनात तोच प्रश्न, आणि ही बाई, जिनं शाळेत तो धडा कितीदा शिकवला असेल, ती गप्प उभी राहिली. "जड काही उचलू देऊ नको, आराम करू दे, काही वाटलं तर ये," असं म्हणाली. तोआकासे गेली. लोसालीननं त्या दिवशी वह्या तपासल्या नाहीत, चूल पेटवली नाही. मी आले तर म्हणाली, "सांधे दुखत नाहीत त्याचे. म्हणजे ते नसेल ना?" मला वाटलं ती मला सांगतेय. ती स्वतःलाच सांगत होती.

सकाळी मी केस विंचरत होते तोच ती आली. डोळे सुजलेले. "कालोलाइने, तू जा. तू बाहेरून लग्न होऊन आलेली, त्यांची कुणी लागत नाहीस. त्याला विचार, लघवी झाली का."

मी तशीच मोकळ्या केसांनी गेले. ती कुंपणापर्यंत माझ्यामागं आली आणि तिथंच उन्हात उभी राहिली. आत हाविली चटईवर उताणा, पोट ढोलासारखं. चार गडी भोवती, हातात तेलाची बाटली. मी म्हटलं, "हाविली, लघवी झाली का रे?" गड्यांनी माना खाली घातल्या.

"हळू बोल ना काकू. ताई आहे का बाहेर?"

"आहे."

त्यानं हातानं तोंड झाकलं. "परवा दुपारपासून नाही."

"आणि पाय?"

"पहाटेपासून माझे वाटत नाहीत."

मी बाहेर येऊन लोसालीनला सांगितलं. ती तिथंच वाळूत बसली आणि आपल्या हातानं आपलं कपाळ बडवायला लागली. मी हात धरला. मग उठली ती एकदम. "तेल बंद करा. पाणी बंद. आडवाच राहू दे. नर्सला बोलवा, होडी काढा!" असं ओरडत सुटली. नर्सनं येऊन लघवीची नळी घातली, हाविलीला मोकळं वाटलं, तो झोपला. होडीनं मोठ्या बेटावर, तिथून विमानानं राजधानीला. बुडबुडे पुन्हा रक्तात दाबणारं, दाबाच्या खोलीचं यंत्र समुद्रापार दुसऱ्या देशात. त्याची सोय होईपर्यंत आणखी दिवस गेले आणि डॉक्टरांनी मान हलवली. पहिल्याच दिवशी ऑक्सिजन मिळाला असता, लगेच यंत्रात गेला असता, तर पाय बहुधा वाचले असते, म्हणाले.

राग मला आवरत नव्हता. मी तिला म्हटलं, "आदल्या दिवशीच मला का नाही गं पाठवलंस? मी मेले होते का?"

ती म्हणाली, "मला वाटलं ते नसेल. मला तसं वाटायला हवं होतं, कालोलाइने."

मी तिला जवळ घेतलं आणि आम्ही दोघी रडलो.

हाविलीला परत आणलं ते कमरेखाली मेलेलंच. तोआकासेनं त्याचं सगळं केलं, कूस बदलणं, जखमा धुणं, नळी. लोसालीनला ते करता येईना. बहीण ना ती! भावाच्या खोलीत जाणं नाही, अंगाला हात लावणं नाही. शाळा सुटली की ती त्याच्या घराबाहेर चटई टाकून बसायची, मध्ये नारळाच्या झापांची भिंत. तो आत, ती बाहेर, आणि मी दारात. एक दिवस तो म्हणाला, "काकू, ताईला सांग, सध्या मासे आणायला जमत नाही."

ती बाहेरून म्हणाली, "त्याला सांग, मला मासे कधी आवडलेच नाहीत."

मी काही सांगितलं नाही. दोघांनीही ऐकलं होतं. आतून तो हसल्याचा आवाज आला. मी चिडून म्हटलं, "बोला की रे सरळ! ती विचारेल, तू सांगशील, मोकळे व्हा एकदाचे!" माझ्या मेलीचं कोण ऐकतंय.

थंडीचे महिने संपता संपता त्याला ताप भरला. नळीतून जंतू गेले, मूत्रपिंडं सडली. कसे गेले, कुठून कुठं चढले, हे तिला कुणी सांगायला नको होतं. फळ्यावर तिनंच काढलेला तो रस्ता. नर्सनं दिलेली औषधं पुरी पडली नाहीत. हाविली गेला तेव्हा लोसालीन बाहेर चटईवर होती. तोआकासेचा हंबरडा ऐकून तिला कळलं.

मयताला आमच्यात बहिणीचा मान सगळ्यांत मोठा. बाकीचे नातेवाईक कमरेला फाटक्या चटया गुंडाळून चुलीपाशी राबतात. बहिणीला आत नेतात आणि भावाच्या उशाशी बसवतात. जिवंतपणी जिथं तिला पाऊल टाकता येत नाही तिथं तिला मेल्यावर पहिली जागा. लोसालीनला आम्ही धरून आत आणलं. तपकिरी कापडांच्या आणि बारीक विणीच्या चटयांच्या राशीवर तो पडला होता. घर माणसांनी गच्च भरलेलं, बायका गात होत्या. ती बसली आणि नुसती बघत राहिली. लहानपणानंतर त्याचं तोंड इतक्या जवळून तिनं पाहिलंच नव्हतं.

तोआकासे पायांशी होती. डोकं गुडघ्यांत घालून बसलेली ती एकदम वर बघून बोलली. आवाज घोगरा, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा. "बोला आता, वन्सं. मी सांगितलं नाही, तुम्ही विचारलं नाही. आता कुणाची लाज? बोला ना!"

गाणं थांबलं. मला वाटलं लोसालीन उठून जाईल. ती उठली नाही. तिनं त्याच्या कपाळावर हात ठेवला, केस मागं सारले, वाकली, आणि वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात विचारलं, "हाविली, लघवी झाली का रे बाळा?"

आणि उत्तराची वाट बघत तशीच वाकून राहिली.